विशिष्ट सेवा : एका पदकाचा आणि दोन शब्दांचा इतिहास

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी सैन्यदलांच्या सन्मानांची यादी जाहीर होते. यादीच्या वरच्या भागात वीरपदकांचे मानकरी असतात. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, गावाच्या वेशीवर अभिनंदनाचे फलक लागतात. त्याखाली सेवापदकांची लांबलचक नामावली असते : परम विशिष्ट सेवा पदक, अति विशिष्ट सेवा पदक, विशिष्ट सेवा पदक. ही नामावली बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. एखादे ओळखीचे आडनाव दिसले तरच नजर क्षणभर थांबते.

प्रस्तुत लेख या दुसऱ्या नामावलीविषयी आहे. ‘विशिष्ट सेवा’ हे दोन शब्द दिसायला साधे आहेत, पण सैनिकाच्या छातीवर ते कोणत्या धातूत आणि कोणत्या हुद्द्यावर उमटावेत, याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्या इतिहासात बेळगाव, कोल्हापूर, कारवार, इंदूर आणि हैदराबाद ही आपल्या परिचयाची नावे येतात. म्हणून तो या व्याख्यानमालेच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला. लेखाचा प्रश्न एकच आहे. शिपायाने केलेली सेवा आणि सेनापतीने केलेली सेवा एकाच शब्दाने गौरवता येते का? आणि येत असेल, तर प्रत्यक्षात तसे होते का?

कंपनी सरकारचा तारा

हिंदी शिपायाच्या पराक्रमाला नियमबद्ध रीतीने पदक देण्याची प्रथा ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केली. १ मे १८३७ रोजी लॉर्ड ऑकलंडच्या कारकिर्दीत ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ स्थापन झाली. पुढे ती ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. व्हिक्टोरिया क्रॉस त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८५६ मध्ये आला, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणजे सामान्य शिपायाच्या छातीवर पराक्रमाचे पदक लावण्याची कल्पना ब्रिटिश साम्राज्यात आधी हिंदी फौजेत रुजली.

या सन्मानाचे तीन वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा तारा चांदीचा, पहिल्याचा सोन्याचा. तिसरा मिळाल्याखेरीज दुसरा नाही आणि दुसरा मिळाल्याखेरीज पहिला नाही, असा पायऱ्यांचा नियम होता. प्रत्येक पायरीला पगारवाढ जोडलेली होती : तिसऱ्या वर्गाला मूळ पगाराच्या एक-तृतीयांश जादा, दुसऱ्याला दोन-तृतीयांश आणि पहिल्याला दुप्पट पगार. पदक म्हणजे केवळ शोभा नव्हे, घरी जाणारा पैसाही होता. कोकणातून किंवा घाटावरून पलटणीत गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

त्याच वर्षी ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा दुसरा सन्मान निघाला. तो हिंदी अधिकाऱ्यांच्या दीर्घ आणि निष्ठावंत नोकरीसाठी होता. त्याच्या पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ आणि दुसऱ्याला ‘बहादूर’ अशी उपाधी मिळे. अशा रीतीने पराक्रमाला तारा आणि निष्ठेला उपाधी, अशी विभागणी १८३७ मध्येच झाली. ‘सेवा’ म्हणजे ‘निष्ठा’ हा त्या काळचा अर्थ. निष्ठा कोणाशी, हा प्रश्न विचारायचा नव्हता.

एकच शब्द, दोन पदके

‘विशिष्ट सेवा’ हा शब्दप्रयोग ज्या इंग्रजी शब्दांवरून आपल्याकडे आला, ते शब्द ब्रिटिश सैन्यात ठळकपणे वापरात आले ६ सप्टेंबर १८८६ रोजी. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीने ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ म्हणजे डी.एस.ओ. हा सन्मान स्थापन केला. पांढऱ्या मिन्याचा क्रॉस आणि निळ्या काठांची तांबडी फीत असे त्याचे रूप. तो फक्त राणीच्या सनदेवर नेमलेल्या अधिकाऱ्यांसाठी होता. हिंदी माणसाला त्या काळी अशी सनद मिळत नसे. तो जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार मेजर होई. तीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार मेजरही कालपरवा विलायतेहून आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हुकुमाखाली असे. त्यामुळे डी.एस.ओ.च्या नियमात वंशाचा उल्लेख करण्याची गरजच पडली नाही. हुद्द्याचा उल्लेख पुरेसा होता.

पुढे २५ जून १९०७ रोजी सातव्या एडवर्डने ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ म्हणजे आय.डी.एस.एम. सुरू केले. ते हिंदी फौजेतील हिंदी हुद्देदार आणि शिपाई यांच्यासाठी होते. चांदीचे गोल पदक, दर्शनी बाजूस बादशहाचा मुखवटा आणि ‘कैसर-ए-हिंद’ ही अक्षरे, पाठीमागे पानांच्या वर्तुळात ‘विशिष्ट सेवेबद्दल’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. फितीचे रंग तेच दोन, तांबडा आणि गडद निळा. मात्र मांडणी वेगळी होती : निळ्या फितीच्या मधोमध तांबडा पट्टा.

दोन्ही सन्मानांत शब्द तेच आहेत, ‘विशिष्ट सेवा’. पण साहेबाची विशिष्ट सेवा ही ‘ऑर्डर’ ठरली आणि शिपायाची ‘मेडल’. साहेबाचा क्रॉस मिन्याचा आणि शिपायाचे नाणे चांदीचे. शिवाय हिंदी पदकाच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द मुद्दाम घातला गेला, कारण साध्या ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’वर दुसऱ्यांचा हक्क आधीच नोंदला गेला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नावात ‘सेवा’ असली, तरी आय.डी.एस.एम. प्रामुख्याने रणांगणावरील धाडसासाठी दिले जाई. ऑर्डर ऑफ मेरिटच्या खालची ती पायरी होती. गोळ्यांच्या माऱ्यात निरोप पोहोचवणारा, जखमी साहेबाला किंवा सोबत्याला ओढून आणणारा, मशीनगन बंद पाडणारा शिपाई तिचा मानकरी होई. म्हणजे शिपायाला ‘विशिष्ट सेवा’ हे शब्द मिळण्यासाठी बहुधा जीव धोक्यात घालावा लागे. योजना आखणे, पलटण घडवणे, रसद पोहोचवणे यांतील कर्तबगारी ही अधिकाऱ्याची गोष्ट मानली जाई. हा फरक पुढे स्वतंत्र भारतातही निराळ्या रूपाने डोके वर काढतो.

मराठा पलटणी : कूत, शरकात, बेळगाव

पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि टायग्रिस नदीकाठच्या कूत येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने त्या तेथे अडकून होत्या. धान्य संपत आले. घोड्याचे मांस खायचे की नाही, हा प्रश्न हिंदी शिपायांपुढे उभा राहिला. पुरेशा आहाराअभावी रक्तपिती पसरली. २९ एप्रिल १९१६ रोजी ठाणे शरण गेले आणि उरलेले शिपाई वाळवंटातून कैदेत चालत गेले. अनेक परत आले नाहीत. पदकांची भाषा या जागी तोकडी पडते. मारा करत पुढे गेलेल्याला पदक असते, पण पाच महिने उपाशीपोटी जागा न सोडणाऱ्या साध्या शिपायासाठी वेगळे पदक नव्हते. त्याची सेवा विशिष्ट नव्हती, असे कोण म्हणेल?

११४ क्रमांकाची पलटण १९१८ च्या ऑक्टोबरअखेर शरकातच्या लढाईत होती. तेथे टायग्रिसवरील तुर्की फौज शरण आली आणि मेसोपोटेमियातील युद्ध संपले. १९२२ मध्ये सैन्याची पुनर्रचना होऊन या सहा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. शरकातला लढलेली ११४वी पलटण तिची प्रशिक्षण पलटण ठरली आणि तिचे ठाणे बेळगावात आले. बेळगावातील मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरची परंपरा येथे सुरू होते. कित्येक पिढ्यांनी शहरात पहाटे कवायतीचे आवाज ऐकले असतील. ती कवायत शिकवणारा हवालदार उस्ताद हा आपल्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी असलेला माणूस आहे. तो लढाईत नाही, पण त्याने घडवलेली माणसे लढाईत असतात. ‘विशिष्ट सेवे’च्या यादीत त्याची जागा कोठे आहे, हे शेवटी पाहू.

व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाला तो १९११ मध्ये. त्याबरोबर ऑर्डर ऑफ मेरिटचा सोन्याचा पहिला वर्ग बंद करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतील दोघांना हा क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना वाचवून शत्रूच्या मशीनगन ठाण्यांवर हल्ले केले. एक नाईक आणि एक शिपाई. सर्वोच्च वीरपदकाच्या बाबतीत हुद्द्याची भिंत या वेळेपर्यंत पडली होती. ‘विशिष्ट सेवे’च्या बाबतीत मात्र ती अजून उभी होती.

इंदूर ते कांगॉ

ती भिंत पाडण्यासाठी आधी हिंदी माणसाला बादशहाची सनद मिळायला हवी होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती दारे किलकिली झाली. इंदूरच्या डेली कॉलेजात हिंदी तरुणांना अधिकारी म्हणून तयार करण्याचा वर्ग निघाला. तेथून १९१९ च्या १ डिसेंबरला बाहेर पडलेल्यांत कोडागूचे के. एम. करिअप्पा होते. तेच पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. इंदूरच्या वाचकांना ती इमारत आजही पाहता येते. इतरांना सँडहर्स्टची थोडी जागा मिळू लागली, आणि १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली.

सँडहर्स्टहून आलेल्यांत कोल्हापूरकडचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात होते. १९४५ च्या आरंभी ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉ येथे जपान्यांशी भीषण लढाई झाली. तेथील ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या पलटणीवर थोरात, बलुच पलटणीवर एल. पी. सेन आणि हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीवर के. एस. थिमय्या. हैदराबाद रेजिमेंटची मुळे जुन्या हैदराबाद काँटिंजंटमध्ये होती. त्याच वर्षी तिचे नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झाले. थोरातांच्या पलटणीने जपान्यांनी घट्ट धरलेली टेकडी समोरासमोरच्या हल्ल्यात जिंकली.

या लढाईसाठी तिघांनाही डी.एस.ओ. देण्यात आला. १८८६ मध्ये ज्या सन्मानाच्या दारात हिंदी माणूस उभाही राहू शकत नव्हता, तो एकाच ब्रिगेडच्या तीन हिंदी पलटण-प्रमुखांच्या छातीवर आला. भारतीय अधिकारी लढाईत नेतृत्व करू शकतील का, या सरकारी शंकेला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळाले नसते. मात्र त्यांच्याच पलटणींतील हवालदार आणि शिपायांना डी.एस.ओ. मिळणे शक्य नव्हते. वंशाची भिंत पडली, पण हुद्द्याची राहिली.

प्रजासत्ताक आणि पदके

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश पदके देणे थांबले. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि द्यायला स्वतःचे पदक नव्हते. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र यांची स्थापना झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आली. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या सांगण्यावरून परमवीर चक्राची आकृती रेखाटली ती सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या येथल्या झाल्या, आणि इंद्राच्या वज्राची चार चिन्हे त्यांनी कांस्यात आणली.

त्याच दिवशी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने उपाध्या रद्द केल्या. ‘सरदार बहादूर’, ‘रावबहादूर’ हे सारे संपले. पण त्या कलमात एक अपवाद शब्दशः लिहिला आहे : लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळून. घटनाकारांना समतेच्या राज्यातही सैनिकाचा आणि विद्वानाचा वेगळा मान ठेवावासा वाटला. म्हणजे लष्करी पदक हा रूढीने चालत आलेला दागिना नसून घटनेने जाणूनबुजून दिलेली सवलत आहे. म्हणूनच ते समतेच्या कसोटीवर पारखून पाहण्याचा आपल्याला हक्क पोहोचतो.

नव्या वीरपदकांत हुद्द्याची अट नव्हती. पहिल्या मानकऱ्यांत कारवारजवळच्या चेंडिये गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे होते. शिपाई म्हणून भरती होऊन ते अधिकारी झाले होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांपुढे वाट मोकळी करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, पाइनची झाडे आडवी टाकलेली आणि वरून तोफांचा मारा. जखमी असूनही ते तीन दिवस सुरुंग काढत, झाडे हटवत, वळणरस्ते खोदत राहिले. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले सैनिक.

राण्यांचे काम नीट पाहिले तर ते रस्ता करण्याचे काम आहे. शत्रूशी दोन हात नाहीत, पण शत्रूच्या माऱ्याखाली इंजिनिअरचे कौशल्य आहे. शौर्य कोठे संपते आणि सेवा कोठे सुरू होते, याची रेघ त्या रस्त्यावर कोणी आखू शकले नसते. तरीही राज्यकारभाराला रेघ आखावी लागते, आणि पुढच्या दशकात ती आखली गेली.

वर्ग गेले, पट्टे राहिले

१९५२ मध्ये शत्रूसमोर नव्हे, पण अन्यत्र दाखवलेल्या धाडसासाठी अशोक चक्र निघाले. त्याचे तीन वर्ग होते, पहिला, दुसरा आणि तिसरा. २६ जानेवारी १९६० रोजी ‘विशिष्ट सेवा पदक’ निघाले, तेही तीन वर्गांचे. जुन्या आय.डी.एस.एम.शी याचे नाते फक्त नावापुरते. तेथे सेवेच्या नावाखाली धाडस गौरवले जाई. येथे धाडस पूर्णपणे वेगळे काढून केवळ सेवा गौरवायची होती. वर्गांतला फरक शब्दांनी सांगितला गेला : पहिला वर्ग अत्यंत असाधारण कोटीच्या सेवेसाठी, दुसरा असाधारण कोटीच्या आणि तिसरा उच्च कोटीच्या सेवेसाठी. तिन्ही वर्ग सर्व हुद्द्यांना खुले. प्रादेशिक सेना, राखीव दले आणि परिचारिका यांनाही खुले.

पण समतावादी प्रजासत्ताकात ‘पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग’ हे शब्द कानांना खटकणारच. त्या काळी रेल्वेचे डबेही तसेच ओळखले जात. २७ जानेवारी १९६७ रोजी नावे बदलण्यात आली. अशोक चक्राच्या दुसऱ्या वर्गाचे कीर्ती चक्र आणि तिसऱ्याचे शौर्य चक्र झाले. विशिष्ट सेवा पदकाच्या तीन वर्गांना परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट ही नावे मिळाली. कांगॉच्या थोरातांना अशोक चक्राचा दुसरा वर्ग मिळालेला होता. तोवर ते निवृत्त झाले होते, पण घरी बसल्या त्यांच्या पदकाचे नाव कीर्ती चक्र झाले.

नावांतून आकडे गेले. फितीतून मात्र गेले नाहीत. या तिन्ही सेवापदकांची फीत सोनेरी असते आणि तिच्यावर गडद निळे उभे पट्टे असतात. परम विशिष्टवर एक पट्टा, अति विशिष्टवर दोन, विशिष्टवर तीन. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र यांच्या हिरव्या फितींवरही केशरी पट्टे एक, दोन, तीन असेच आहेत. पुढच्या समारंभात एखादा अधिकारी जवळून दिसला तर वाचकांनी पट्टे मोजून पाहावेत. कागदावरून पुसलेला वर्ग कापडावर अजून वाचता येतो. धातूही तेच सांगतो : सोन्याचा मुलामा, चांदी आणि कांस्य. गोल पदकाचा व्यास तिघांचाही सारखाच, ३५ मिलिमीटर.

आधी सेवा की आधी शौर्य?

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जिच्याकडे नागरी वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. पदके छातीवर मनाला येईल तशी लावत नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला असतो. त्या क्रमात परमवीर चक्र आणि अशोक चक्र सर्व सेवापदकांच्या वर आहेत. परंतु परम विशिष्ट सेवा पदक हे महावीर चक्राच्या आधी येते आणि अति विशिष्ट सेवा पदक वीर चक्राच्या आधी.

जनरल अरुणकुमार वैद्य यांचे उदाहरण घेऊ. अलिबागला जन्मलेला हा रणगाडादलाचा अधिकारी. १९६५ मध्ये ते डेक्कन हॉर्सचे प्रमुख होते. हे घोडदळही मूळ हैदराबाद काँटिंजंटचे. त्या युद्धात त्यांना महावीर चक्र मिळाले. १९७१ मध्ये शकरगडच्या आघाडीवर चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करताना ते दुसऱ्यांदा मिळाले. पुढे ते लष्करप्रमुख झाले. त्यांच्या नावापुढची अक्षरे मात्र या क्रमाने लिहिली जातात : परम विशिष्ट सेवा पदक, मग दोनदा मिळालेले महावीर चक्र, मग अति विशिष्ट सेवा पदक. मराठी माणसाच्या मनातील वैद्य हे दोन महावीर चक्रांचे वैद्य आहेत. सरकारी क्रमाने त्यांची ओळख सेवापदकापासून सुरू होते.

हा क्रम चुकीचा आहे का? दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. पहिली बाजू अशी. धाडस अनेकदा काही मिनिटांचे असते, सेवा पस्तीस-चाळीस वर्षांची. युद्ध केवळ धाडसाने जिंकले जात नाही. १९७१ मध्ये पूर्व आघाडीचे सेनापती लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांना परम विशिष्ट सेवा पदक मिळाले. नद्यांच्या प्रदेशात लाखोंच्या फौजेची हालचाल, रसद आणि वेळ यांचे गणित जमवणे ही सेवा सामान्य नव्हे. तिच्यामुळे किती शिपायांचे प्राण वाचतात, याचा हिशेब कोणत्याच सनदेत येत नाही. १९८० मध्ये युद्धकाळातील अशा सेवेसाठी सर्वोत्तम, उत्तम आणि युद्ध सेवा पदक अशी वेगळी मालिका काढण्यात आली, तीही याच जाणिवेतून.

दुसरी बाजू अशी. धाडसाचे पदक मागून मिळत नाही आणि हुद्द्याने येत नाही. ते देणाऱ्याला एका ठिकाणचा, एका दिवसाचा, साक्षीदारांसह पुरावा लागतो. सेवेचे पदक मात्र वरिष्ठांच्या शिफारशीवर उभे असते, आणि जसजसा हुद्दा वाढतो तसतशी ‘सेवा’ मोठी दिसू लागते. परम विशिष्ट सेवा पदकाच्या कोणत्याही वर्षाच्या यादीतील हुद्द्यांचा रकाना वाचावा. लेफ्टनंट जनरल, व्हाइस ॲडमिरल, एअर मार्शल हीच ओळ बहुतांशी दिसते. नियमात दार सर्वांसाठी उघडे आहे, पण उंबरठ्यावर रूढीने हुद्द्याची पाटी लावली आहे. १८८६ च्या डी.एस.ओ.च्या नियमात हुद्दा लिहिलेला होता. आज तो लिहिलेला नाही, एवढाच फरक आहे काय?

एवढाच नाही, असे माझे मत आहे. धारवाडला जन्मलेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांच्याकडे परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट ही तिन्ही पदके आहेत. त्या लढाऊ दलाच्या नव्हेत, मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या डॉक्टर आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथेच अधिष्ठाता झाल्या. १९०७ च्या चांदीच्या पदकाला अशी सेवा दिसलीही नसती. रणांगणाबाहेरचे ज्ञान, शुश्रूषा आणि अध्यापन यांना सैन्यात मान मिळाला, ही १९६० ची खरी कमाई आहे.

एक सुभेदार

२०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या यादीत परम विशिष्ट सेवा पदकाच्या मानकऱ्यांत एक सुभेदार होता : राजपुताना रायफल्सचे सुभेदार नीरज चोप्रा. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ८७.५८ मीटर भाला फेकून त्यांनी सुवर्णपदक मिळवले होते. खेळाडूंना सेवापदक मिळण्याची प्रथा त्याआधीही होती. नेमबाज राज्यवर्धनसिंग राठोड आणि नेमबाज सुभेदार विजयकुमार हे अति विशिष्ट सेवा पदकाचे मानकरी आहेत. पण तारांकित हुद्द्यांच्या रांगेत सुभेदाराचे नाव सर्वोच्च सेवापदकासाठी आले, याचे ऐतिहासिक महत्त्व वेगळे आहे. ज्या हुद्द्याला डी.एस.ओ. कधी मिळू शकला नाही, तो हा हुद्दा. १९६० च्या नियमातील ‘सर्व हुद्द्यांना खुले’ हे शब्द केवळ शोभेचे नव्हते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

तरी एक प्रश्न उरतोच. हा सुभेदार त्या दारातून आत गेला तो साऱ्या जगाने पाहिलेल्या भाल्यामुळे. बेळगावच्या मैदानावर वर्षानुवर्षे रिक्रूट घडवणारा सुभेदार, सियाचिनच्या तळावर स्वयंपाकघर चालवणारा हवालदार, रणगाड्याचे इंजिन रातोरात उभे करणारा कारागीर, यांची सेवा कोणी दूरदर्शनवर पाहिलेली नसते. त्यांच्यासाठी काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्तव्यनिष्ठेबद्दल सेना पदक आहे, हवालदारांसाठी दीर्घ व प्रशंसनीय नोकरीची पदके आहेत, सेनाप्रमुखांची प्रशस्तिपत्रे आहेत. पण ही सारी ‘विशिष्ट सेवा’ या दोन शब्दांच्या बाहेरची आहेत. शब्दांची वाटणी अजून पुरती मिटलेली नाही.

ती मिटवणे सरकारचे काम आहे, आणि नियम बदलण्याचीही गरज नाही. असलेला नियम शब्दशः वाचला तरी पुरे. आपल्यासारख्या साहित्यसंस्थांच्या वाट्याला दुसरे काम येते. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी या पट्ट्यातून दोन महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या घरी कोठे आय.डी.एस.एम.चे, कोठे साध्या युद्धपदकाचे चांदीचे नाणे ट्रंकेच्या तळाशी असू शकते. या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाखाली ती वाचता येते. कित्येकदा त्या माणसाच्या नावाचा घरात उरलेला तेवढाच लेखी पुरावा असतो. ते चांदी म्हणून सोनाराकडे जाण्याआधी कडेवरची अक्षरे उतरवून घ्यावीत, घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते ते त्याखाली लिहावे आणि आपल्या गावच्या वाचनालयात त्याची एक प्रत ठेवावी. सेनापतींची चरित्रे लिहिली गेली आहेत आणि पुढेही लिहिली जातील. शिपायाची सेवा विशिष्ट होती की नव्हती, हे ठरवण्यासाठी आधी ती कोठेतरी नोंदलेली असायला हवी.